मागचं बघायचं कसं? मोटारीतल्या आरशाची सुरुवातीची गोष्ट

चाकोरीबाहेर

परवा गाडीच्या पुढच्या काचेला चिकटवलेला मधला आरसा उन्हाने गळून पडला. चिकटवून देणारा माणूस दोन दिवसांनी येणार होता, तोवर तशीच गाडी चालवली. सिग्नलला, ब्रेक लावण्याआधी, मागे कुणी नसतानासुद्धा डोळे आपोआप वर जायचे आणि तिथे नुसता डिंकाचा पिवळा डाग. दोन दिवसांत पन्नासेक वेळा तरी त्या डागाकडे बघितलं असेल. मग डोक्यात किडा वळवळला, की हा आरसा नव्हता तेव्हा लोक काय करत होते? आणि पहिल्यांदा सुचला कुणाला?

शोधत गेलो तर तीन नावं पुन्हा पुन्हा समोर आली. एक बाई, एक शर्यतवाला आणि एक आरसे विकणारा. तिघांची मागे बघायची कारणं वेगळी, म्हणून तिघांबद्दल लिहितो.

बाईंचं नाव डोरोथी लेव्हिट. लंडनच्या हॅकनी भागात १८८२ साली जन्म. नेपियर कंपनीच्या मोटारी विकणाऱ्या सेल्विन एज यांच्या कचेरीत काम करता करता शर्यतीत उतरल्या. १९०५ साली ब्रायटनच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर त्यांनी ताशी ७९.७५ मैल वेग गाठला. पुढच्या वर्षी ब्लॅकपूलला ९०.८८ मैल, म्हणजे ताशी १४६ किलोमीटर. हे सगळं उघड्या गाडीत आणि त्या काळच्या ब्रेकच्या भरवशावर. त्या वेळी इंग्लंडच्या रस्त्यांवर सामान्य मोटारीला ताशी २० मैलांची मर्यादा होती, हे लक्षात घ्या.

१९०९ साली त्यांचं 'द वुमन अँड द कार' नावाचं छोटं पुस्तक आलं. बायकांनी मोटार स्वतः कशी चालवावी, कार्ब्युरेटर म्हणजे काय, अंगावर काय घालावं, असं सगळं त्यात आहे. सीटखाली एक लहान खण असतो, त्यात काय ठेवावं याची यादीही आहे: जास्तीचे हातमोजे, ओढणीसारखं पातळ कापड, चॉकलेटं आणि हातात धरायचा आरसा. एकट्या प्रवास करणार असाल तर पिस्तूलही जवळ असू द्या, असाही सल्ला आहे. आरशाबद्दल बाई म्हणतात, की निघण्याआधी तो खणातून काढून हाताशी ठेवा. कारण नुसतं तोंड बघणं नव्हे. मागून गाडी आल्यासारखी वाटली तर आरसा उंच धरा, मान वळवायची गरज नाही, उजवा हात चाकावरून सुटायला नको आणि गाडीची वाटही चुकायला नको. आरसा जरा मोठा आणि दांड्याचा असावा, हेही सांगून ठेवलंय. दांडा का, तर डाव्या हातात धरता येतो म्हणून!

दुसरे रे हॅरून. ३० मे १९११ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. गाड्या ४०. त्या काळी शर्यतीच्या गाडीत दोन माणसं बसत. एक चालवणारा, दुसरा मेकॅनिक. मेकॅनिक हाताने तेलाचा पंप मारायचा, टायरची चाळण झालीय का बघायचा आणि मुख्य म्हणजे मागे वळून कोण येतंय ते चालकाला सांगायचा. खांद्यावर थाप, कोपराने ढुसणी, अशी त्यांची भाषा. कारण इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं.

हॅरून मुळात इंजिनिअर. मार्मन कंपनीच्या गाडीचा सांगाडा त्यांनी एकाच माणसापुरता अरुंद केला, मागे टोकदार शेपूट ठेवलं, पिवळा रंग दिला. गांधीलमाशीसारखी दिसते म्हणून नाव पडलं 'मार्मन वास्प'. एका माणसाचं वजन कमी, वाऱ्याचा विरोध कमी. बाकीचे स्पर्धक चिडले. म्हणाले, याच्याकडे मागे बघायला माणूस नाही, हा सगळ्यांना धोका आहे, याला उतरू देऊ नका. त्यावर हॅरून यांनी चालकाच्या समोर, चार लोखंडी दांड्यांवर, साधारण आठ इंच लांब आणि तीन इंच उंच आरसा चौकटीत बसवला. घ्या, हा माझा मेकॅनिक! तक्रार मिटली. ही कल्पना कुठून आली, तर १९०४ साली शिकागोत एका घोडागाडीवर असा आरसा पाहिल्याचं त्यांनीच पुढे सांगितलं.

६ तास ४२ मिनिटं ८ सेकंदांत शर्यत जिंकली. सरासरी वेग ताशी ७४.६ मैल, म्हणजे १२० किलोमीटर. आपल्या समृद्धीवर लहान गाड्यांना जी मर्यादा आहे तोच आकडा, फक्त शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा. (मधल्या काही फेऱ्या सायरस पॅट्श्के नावाच्या बदली चालकाने मारल्या होत्या, हे बहुतेक ठिकाणी सांगायचं राहतं.)

आणि आता गंमत. त्या ट्रॅकवर १९०९ च्या शेवटी ३२ लाख विटा बसवल्या होत्या. त्या विटांवरून गाडी इतकी थरथरायची, की आरशात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. हेही हॅरून यांनीच नंतर कबूल केलं. त्या वेळी मात्र गप्प बसले!

तिसरे एल्मर बर्गर. १९२१ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत मोटारीचा आरसा विकायला काढला. नाव ठेवलं 'कॉप-स्पॉटर'. पोलीस हेरणारा. मागून मोटारसायकलवर हवालदार येतोय का ते बघा आणि वेळीच वेग कमी करा. पुष्कळ ठिकाणी आरशाचा शोध यांच्याच नावावर लावलेला दिसतो, पण त्याआधी १९१४ मध्येच चेस्टर वीड यांना मोटारीला आरसा जोडण्याच्या पद्धतीचं अमेरिकन पेटंट मिळालेलं होतं.

मला यात 'पहिला कोण' यापेक्षा दुसरंच काही दिसतं. मागे बघायचं काम आधी माणूस करत होता. आरसा आला तो त्या माणसाला गाडीतून उतरवायला. बाकी चर्चा तुम्ही करा.

---

सायली_ठाणे

छान लिहिलंय. डोरोथीबाई आधी माहीतच नव्हत्या. तो खण म्हणजे आमच्या पणजीची फणेरपेटी की हो! झाकणाला आतून आरसा, खाली कुंकू, मेण, फणी. फक्त पिस्तूल तेवढं नव्हतं. (पणजीचा स्वभाव बघता लागलंही नसतं.)

एक सांगू का? 'बायका आणि गाडीतला आरसा' यावर गेली शंभर वर्षं तेच तेच विनोद चाललेत. लिपस्टिक लावायला आरसा, केस नीट करायला आरसा. आणि इथे आरसा मागचं बघायला वापरा हे छापील सांगणारी एक बाई निघते, तेही त्याच हातातल्या आरशाने.

---

मिस्त्रीबुवा

विटांवर काही का दिसलं नसेल, याचं गणित सोपं आहे. आरसा जेवढ्या अंशाने हलतो, त्याच्या दुप्पट अंशाने परावर्तित किरण हलतो. शाळेत शिकलोय सगळे, विसरलोय. म्हणजे आरसा फक्त एक अंश डुगडुगला तर नजर दोन अंश फिरते. शंभर मीटर मागे असलेली गाडी त्या दोन अंशांत साडेतीन मीटर इकडची तिकडे होते. म्हणजे अख्खी गाडी बाजूला! आणि हे एकदा नाही, सेकंदाला कितीतरी वेळा. डोळ्याला नुसता राखाडी पट्टा दिसणार.

त्यात चार उंच दांड्यांवर आरसा. लांब दांडी म्हणजे स्प्रिंगच. आपण डुगडुगत्या स्टुलावर आरसा ठेवून दाढी करू शकू का? हल्लीचा आरसा काचेला चिकटवतात किंवा छताला जोडतात, बूड आखूड ठेवतात, त्यामागे हेच कारण. रॉयल एनफिल्ड चालवणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. लांब दांडीचा आरसा, गाडी उभ्या उभ्या फटफटतेय, आणि आरशात मागचा ट्रक विरघळलेला.

---

ताराबाई रोडकर

@मिस्त्रीबुवा, एनफिल्डच्या आरशात मागचं दिसायचं कारणच नाही. मागे कोण आहे ते आवाजाने आधीच बाजूला झालेलं असतं. 😀

---

खडूस आजोबा

लेख वाचनीय आहे, पण चाकोरीबाहेर, तुम्ही हॅरून यांना दिलेलं श्रेय जरा जास्त झालं. १९०६ सालीच मोटारींच्या व्यापारी मासिकात नोंद आहे, की बंद टपाच्या गाड्यांवर मागून काय येतंय ते दाखवणारे आरसे लोकप्रिय झालेत आणि लवकरच सगळीकडे दिसतील. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मोटारीसाठीच्या 'इशारा देणाऱ्या आरशा'चं पेटंट निघालं. १९०८ मध्ये आर्गस नावाचा डॅशवर बसवायचा, हवा तसा फिरणारा आरसा बाजारात होता. म्हणजे शर्यतीच्या तीन ते पाच वर्षं आधी हा माल दुकानात होता. हॅरून यांचं म्हणाल तर शर्यत गाजली, म्हणून आरसा गाजला. 'मोटारीला बसवलेला पहिला आरसा' हे वाक्य म्हणून तपासून घ्यावं.

दुसरं. बंद टपाची गाडी हाच खरा मुद्दा आहे, तो तुमच्या लेखात आलाच नाही. उघड्या गाडीत मान वळवली की मागचं दिसतं. बंद गाडीत पुढे पगारी शोफर, त्याच्या पाठीमागे काचेचं तावदान, त्यामागे टोपीवाल्या बाईसाहेब आणि साहेब, त्यामागे लाकडी भिंत आणि तिला एवढीशी खिडकी. शोफरने मान वळवली तर त्याला फक्त मालक दिसणार, आणि मालकाकडे टक लावून बघणं नोकरीच्या दृष्टीने ठीक नाही.

---

चाकोरीबाहेर

@खडूस आजोबा, मान्य. मी स्वतः लेखात 'पहिला' शब्द हॅरून यांना लावायचं टाळलं होतं, पण सांगण्याचा एकूण ढंग तसाच झालाय हे खरं. बंद टपाचा मुद्दा मात्र मला सुचलाच नव्हता. आणि माझ्या म्हणण्याला तो उलट बळच देतो. उघड्या गाडीत मालक शेजारीच बसायचा, तो सांगू शकायचा मागून कोण आलंय ते. बंद गाडीत मालक काचेपलीकडे गेला आणि शोफर एकटा पडला. पुन्हा तेच, शेजारचा माणूस गेला की आरसा येतो.

@मिस्त्रीबुवा, साडेतीन मीटरचा हिशोब वाचून मजा आली. इतक्या लेखांत 'विटांमुळे दिसत नव्हतं' वाचलं, पण का ते कुणी सांगत नाही.

---

पोटभरे

कॉप-स्पॉटर वाचून हसलो. आपल्याकडे याचा काडीचा उपयोग नाही. त्यांचा हवालदार मागून पाठलाग करत यायचा. आपले मामा पुढे झाडाआड उभे असतात. आपला कॉप-स्पॉटर म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीने मारलेला डिपर!

---

गावठाण

'शेजारचा माणूस गेला की आरसा आला' यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या वडिलांचा ट्रक होता. कांदा घेऊन लासलगावहून निघायचे. सोबत किन्नर. (क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात, शहरातल्या लोकांचा गैरसमज नको.) ट्रकला मधल्या आरशाचा उपयोगच काय, मागे सगळा माल. बाजूचे आरसे होते, पण डाव्या बाजूचा बहुतेक वेळा कुठेतरी घासून फुटलेला. मग किन्नर डाव्या दारातून अर्धा बाहेर. एक थाप म्हणजे 'थांब', दोन थापा म्हणजे 'जाऊ दे', आणि गाडी मागे घेताना 'येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बस्स!' या 'बस्स'च्या आधीची शांतता फार जीवघेणी असायची. मी सुट्टीत दोन महिने किन्नरगिरी केली आहे. वडील म्हणायचे, आरशात दिसतं ते उलटं असतं, पोरगं सांगतं ते सरळ असतं.

म्हणजे तुमच्या त्या इंडियानापोलिसच्या मेकॅनिकची जमात आमच्याकडे २००० सालापर्यंत जोरात होती. आजही आहे, पण पगार परवडत नाही म्हणून पुष्कळ ट्रक एकटा ड्रायव्हर घेऊन जातो. त्यांच्या केबिनमध्ये बघा, आरसे चार-चार लागलेत.

---

सायली_ठाणे

@गावठाण, फार सुंदर प्रतिसाद. 'पोरगं सांगतं ते सरळ असतं' 👌

---

अर्धवटराव नागोयाकर

वाचतोय. जपानमधली एक भर घालतो.

इकडे बाजूचे आरसे बरीच वर्षं दाराला लावायची परवानगीच नव्हती. पुढच्या मडगार्डवर, म्हणजे बॉनेटच्या दोन्ही टोकांना, लांब शिंगांसारखे लावायचे. १९८३ मध्ये नियम सैल झाला आणि मग दाराचे आरसे आले. मी इकडे आलो तेव्हा जुन्या टॅक्सींना अजून ती शिंगं होती. एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, दाराचा आरसा बघायला मान वळवावी लागते आणि डावीकडे बघताना गिऱ्हाईकाला वाटतं मी त्याच्याकडेच बघतोय. शिंगांचा आरसा रस्त्याच्याच नजरेत येतो. तोटा असा, की तो इतका लांब, की त्यातलं सगळं इवलंसं दिसतं.

आजोबांनी लिहिलेला 'मालकाकडे बघू नये' हा मुद्दा इतक्या वर्षांनी असा पुन्हा भेटला.

---

कुतूहलकर

एक शंका. रात्री मागच्या गाडीचा झोत डोळ्यात आला की मधल्या आरशाखालचं ते छोटं बोंडूक मागे ओढायचं असतं. ओढलं की झोत मंद होतो. आरसा काळा तर होत नाही. मग हे होतं कसं? माफ करा, मूळ विषयाला सोडून आहे.

---

मिस्त्रीबुवा

@कुतूहलकर, सोडून कशाला, याच कुळातलं आहे. तो आरसा सपाट काचेचा नसतोच. काच पाचरीसारखी असते, वर जाड, खाली बारीक. चांदीचा मुलामा मागच्या पृष्ठावर. दिवसा तुम्ही त्या मुलाम्यातून बघता. रात्री बोंडूक ओढलं की सगळा आरसा थोडा तिरका होतो, मुलाम्यातून येणारा झोत गाडीच्या छताकडे जातो आणि तुमच्या डोळ्यात येतं ते पुढच्या साध्या काचेवरून परतलेलं. साध्या काचेवरून फक्त चार टक्क्यांच्या आसपास प्रकाश परततो. म्हणून झोत मंद, पण दिवे दिसत राहतात.

पुढच्या खेपेला रात्री आरसा तिरका केल्यावर वर छताकडे बघा. मागच्या गाडीचा झोत तिथे पडलेला सापडेल. (गाडी थांबलेली असताना!)

अवांतर: डाव्या आरशात सगळं लांब दिसतं, कारण तो फुगीर असतो. जास्त रुंद पट्टा दाखवायचा म्हणून आकार लहान करतो. त्यावर लिहिलेला इशारा सगळ्यांना पाठ आहे, पाळत कुणी नाही.

---

आनंदीगोपाळ नव्हे

पहिल्याच शर्यतीत काय घडलं तेही लिहायला हवं. सुरुवातीच्या फेऱ्यांतच आर्थर ग्राइनर यांच्या गाडीला अपघात झाला, आणि मेला तो त्यांचा मेकॅनिक, सॅम डिक्सन. ज्या माणसाला वगळलं म्हणून हॅरून यांच्यावर आरडाओरड झाली, त्याच माणसाचा जीव त्या दिवशी गेला.

आणि यावर आयोजकांनी काय करावं? १९१२ पासून १९२२ पर्यंत मेकॅनिक सक्तीचा! एकट्याने आरसा लावून जिंकला, तर पुढच्या वर्षी एकट्याने उतरायला बंदी. १९३० ते १९३७ पुन्हा सक्ती. युरोपात मात्र उलटं वळण मिळालं. १९२४ च्या सान सेबास्टियन शर्यतीत केनेल्म ली गिनेस यांच्या गाडीतले मेकॅनिक टॉम बॅरेट अपघातात मेले आणि १९२५ पासून ग्रां प्री शर्यतींत मेकॅनिक बंद झाले.

त्यामुळे चाकोरीबाहेर, तुमचं 'आरसा आला आणि माणूस उतरला' हे इतकं सरळ नाही. इंडियानापोलिसला आरसा आला, माणूस उतरला आणि पुढच्याच वर्षी परत चढला. पुढे दोन्ही एकत्र नांदले.

---

चाकोरीबाहेर

@आनंदीगोपाळ नव्हे, हे वाचून माझं वाक्य फारच गुळगुळीत वाटायला लागलंय. १९१२ ची सक्ती मला ठाऊक नव्हती. सॅम डिक्सन यांचं नाव मी वाचलं होतं आणि लेखात घेतलं नाही, ही चूक आहे. ज्या माणसाच्या जागी आरसा आला असं मी म्हणतोय, त्यांतल्या एकाचं तरी नाव लेखात हवं होतं. दुरुस्त करतो: आरशाने माणसाला उतरवलं नाही. आरशाने फक्त दाखवून दिलं, की त्याला उतरवता येईल. उतरवायचं की नाही ते पुढे दुसऱ्याच लोकांनी ठरवलं. आणि गावठाणचा प्रतिसाद वाचला तर तेही पगाराच्या हिशोबाने ठरलं.

---

ताराबाई रोडकर

ती शर्यत हॅरून यांनीच जिंकली ना नक्की? कुठेतरी वाचलं होतं, की दुसऱ्या आलेल्याने भांडण काढलं होतं.

---

आनंदीगोपाळ नव्हे

@ताराबाई, हो. राल्फ मलफर्ड, लोझियर गाडी. ४० गाड्या, विटांवरची धूळ, फेऱ्या माणसांनी मोजायच्या. मध्ये अपघात झाला तेव्हा मोजणीचा गोंधळ झाला. अधिकृत निकाल हॅरून यांच्या बाजूने आहे आणि तोच धरतात. टायरचा भाग मात्र वादातीत आहे. हॅरून यांनी हिशोब केला होता, की ताशी ७५ मैलांच्या आसपास राहिलं तर टायर खूप जास्त टिकतात. ते जास्त पळाले नाहीत, कमी वेळा थांबले. बाकीचे जोरात जायचे आणि टायर बदलत बसायचे. शर्यत झाली आणि ते निवृत्तही झाले.

---

पोटभरे

थोडक्यात: आरशात काही दिसत नव्हतं, पण मागे बघायची गरजही नव्हती. आदर्श पुणेरी चालक. 🙏

---

खडूस आजोबा

@पोटभरे, पुण्याचा उल्लेख आल्याशिवाय धागा शंभरी गाठत नाही, तो आला. पण हॅरून यांना पुणेरी म्हणू नका. त्यांनी आक्षेप ऐकून घेतला आणि आरसा बसवला. पुणेकराने आक्षेप घेणाऱ्यालाच नियम दाखवला असता.

---

गावठाण

'हॉर्न ओके प्लीज'वर कुणीच काही बोललं नाही? ते तर याच विषयातलं आहे. ज्या ट्रकवाल्याला मागचं दिसत नाही, तो मागच्याला सांगतो, तू आवाज दे. आरशाचं काम भोंग्यावर टाकलं. २०१५ मध्ये आपल्या राज्यात परिवहन आयुक्तांनी ट्रकवर ते लिहायला बंदी केली, कारण लोक विनाकारण भोंगा वाजवतात. वडिलांनी पाटी पुसली, पण वर्षभर म्हणत होते, आता मागचा बोलणार कसा?

---

सायली_ठाणे

@गावठाण, डोरोथीबाईंच्या सल्ल्यातही तेच आहे बघा. मागून गाडी आली असं 'वाटलं' तर आरसा वर धरा. म्हणजे आधी कान, मग आरसा. आता काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली. कान संपले, उरला फक्त आरसा. आणि हल्ली तोही नको, स्क्रीनवर कॅमेरा. अमेरिकेत २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे. माझ्या गाडीलाही आहे. पावसात चिखल उडाला की त्यात नुसता तपकिरी रंग दिसतो, तेव्हा मी काच खाली करून डोकं बाहेर काढते आणि वॉचमन ओरडतो, येऊ द्या, मॅडम, येऊ द्या. घरी आलेला किन्नर!

---

कुतूहलकर

प्रयोग करून आलोय, अहवाल देतो.

आमच्या सोसायटीत, रविवारी सकाळी, गेटच्या आत. भाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी. (चालकाने करू नका हे, उगाच.) हातात आईचा दांड्याचा आरसा. डोरोथीबाईंच्या सूचनेप्रमाणे डाव्या हातात, कानाच्या थोडा वर. गाडी उभी असताना मागची पार्किंगमधली स्कूटर स्वच्छ दिसली, नंबरही वाचला. ताशी दहाच्या वेगात स्कूटर दिसत होती, नंबर नाही. वीसच्या वेगात झाडं दिसत होती, पण कुठली ते सांगता येत नव्हतं. पेव्हर ब्लॉकवर गेलो आणि मिस्त्रीबुवांचा राखाडी पट्टा दिसला. गतिरोधकावर फक्त आभाळ.

शेवटच्या फेरीत भावाने विचारलं, मागे कोणी आहे का. मी सवयीने मान वळवून बघितलं आणि सांगितलं, नाही.

---

मिस्त्रीबुवा

@कुतूहलकर, पेव्हर ब्लॉकवर आरसा हनुवटीला टेकवून बघा. हात हलतो, हनुवटी त्यामानाने कमी. निकाल कळवा.

---

कुतूहलकर

@मिस्त्रीबुवा, आरसा आईने काढून घेतलाय.